खाली उतरलेली बाई

त्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या आईनं मला विचारलं, "पहिली गाडी कोणाकडे आहे?"

"आज तुला सुट्टी आहे," मी म्हटलं. "आपण दोघी नुसतं बसून शहरात जायचं. तुला चपला घ्यायच्यात."

तिला ते फारसं पटलं नाही. सगळा जन्म बसमधून उभ्यानं गेलेल्या बाईला बसून जाणं म्हणजे आजारपण वाटतं.

आई कंडक्टर होती. आमच्या मार्गावर तिच्याआधी कुणी बाई कंडक्टर झालेली नव्हती, त्यामुळे गावात तिला नावानं कुणी हाक मारलीच नाही. ती कंडक्टरबाई आणि मी कंडक्टरबाईंची ठकू. बाबा मी शाळेत असतानाच गेले. तिनं दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव काढलं नाही आणि तेराव्या दिवशी कामावर गेली. आता मात्र ती रोज संध्याकाळी बाबा अजून कसे आले नाहीत म्हणून दारात जाऊन उभी राहते. आधी किल्ल्या विसरायची, मग नावं, मग गेलेली माणसं. मी कोण हे तिला सकाळी बहुतेक आठवतं, दुपारनंतर काही खरं नसतं.

मी दातांच्या कवळ्या करते. मेणात दात बसवायचे, ते काम सुरू असताना मान वर करायची सोय नसते. तेवढा वेळ शेजारच्या काकू आईकडे बघायच्या. मागच्या महिन्यात काकूंचा डोळा लागला आणि आई मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाऊन हात दाखवून ट्रक थांबवायला लागली. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला. त्यानं मला ज्या शिव्या घातल्या त्या मी मान खाली घालून ऐकल्या, कारण एकही चुकीची नव्हती. काकूंनी हात जोडले. "ठकू, मला आता नाही गं झेपत."

शहरात अशा माणसांना सांभाळणारं एक घर आहे. तिथं एक खाट रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली हे मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत आई रमली तर ठेवून घेऊ, नाही तर परत न्या, मागे रांग आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. येताना न घसरणाऱ्या चपला आणायला सांगितल्या होत्या. म्हणजे चपलांचं मी खोटं बोलले नव्हते. अर्धं खरं बोललं की माणसाला आपण फार सज्जन आहोत असं वाटतं.

बसमध्ये आई दहा मिनिटंसुद्धा बसली नाही. दांड्याला धरून उभी राहिली आणि वाटेत पाय पसरलेल्या एका गृहस्थाला म्हणाली, "पाय आत घ्या. रस्ता काय वडिलांनी बांधून दिलाय?" त्यानं पाय घेतले. तिच्या आवाजात अजून तेवढी जरब आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. खरा कंडक्टर पोरसवदा होता, पण समजूतदार निघाला. तो तिच्या मागेमागे फिरत राहिला आणि तिनं आधीच हटकलेल्या लोकांना निमूटपणे तिकिटं देत राहिला.

फिरत फिरत ती माझ्यापाशी आली. "तुमचं तिकीट?"

मी तिकीट दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "कुठवर?"

"शेवटपर्यंत," मी म्हटलं.

"मग आत सरकून बसा. मधे उतरणाऱ्यांना कडेची जागा लागते."

मी आत सरकले. खिडकीकडे तोंड करून बसले ते शहर येईपर्यंत तशीच.

चपलांच्या दुकानात तिला एकदम शुद्ध आल्यासारखं झालं. दुकानदार खाली बसून तिच्या पायात एकेक जोड चढवत होता. तिचे पाय रुंद, टाचा फुटलेल्या, पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. उभ्यानं केलेली सगळी नोकरी त्या पायांवर होती. चौथा जोड बसला. तिनं उभं राहून दोन पावलं टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ठकू, आज भारी लाड चाललेत गं. कुठे पाठवतेस की काय मला?"

दुकानदार हसला. मीही हसले. दात काढून हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. ती ठकू म्हणाली होती, म्हणजे तिला मी दिसत होते. पण दुकानात, लोकांसमोर, एक पाय जुन्या चपलेत आणि एक नव्या, अशी ती उभी असताना मला ते जिवावर आलं. मग बाहेर सांगू म्हटलं. बाहेर आलो तोवर ती मला विचारत होती की बाई, तुम्ही कुठल्या.

ते घर तसं चांगलं होतं, हे मला कबूल करायला हवं. बैठी इमारत, भिंतींना धरून चालायला दांडे, फिनेलचा वास, पण त्याखाली दुसरा कसला वास नाही. आईला दांडे पसंत पडले. जेवणाच्या खोलीच्या बाहेर एक लांब पडवी होती, तिथं दोन रांगांत खुर्च्या मांडून म्हातारी माणसं बसली होती. मधून जायला वाट. आई त्या वाटेवरून पुढून मागे आणि मागून पुढे गेली आणि तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान आलं.

"रमल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या कारभारीण. आवाज मऊ, पण वाद घालायची सोय नाही असा. त्यांनी मला बाजूला घेतलं. "आता निरोपबिरोप घेत बसू नका. निरोप घेतला की ती माणसं दाराला चिकटतात. बाथरूमला जाऊन येते म्हणायचं आणि मागच्या दारानं निघायचं. पाच-दहा मिनिटांत विसरतात. आजवर सगळ्यांचे नातेवाईक असेच गेलेत."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

त्यांच्यात वाईटपणा नव्हता. अनुभव होता. मी आईजवळ गेले. ती एका आजोबांची काठी वाटेतून बाजूला करत होती. "मी जरा बाथरूमला जाऊन येते," मी म्हटलं.

"या जाऊन," ती म्हणाली. "लवकर या."

मागच्या दारानं मी निघाले. चोरानं निघावं तशी नव्हे, चोर तरी काहीतरी घेऊन जातो. फाटकाबाहेर आले, चौक ओलांडला, बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. एक बस आली, ती मी सोडली. दुसरी सोडली. तिसरीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा फोन वाजला.

"जरा परत येता का?" मोठ्या बाईंचा आवाज तितका मऊ राहिला नव्हता. "इथं कुणाला जेवता येईना झालंय."

पडवीत शिरायच्या आधीच मला आईचा आवाज ऐकू आला. ती जेवणाच्या खोलीच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून उभी होती. आत टेबलावर सूप गार होत होतं आणि पडवीत सगळी म्हातारी माणसं आपापल्या खुर्चीत बसून होती. नर्स तिला समजावून थकली होती.

"एक बाई खाली उतरल्यात," आई तिला सांगत होती. "त्या आल्याशिवाय गाडी हलणार नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी चालत जावं."

"बरोबर आहे," पहिल्या खुर्चीतले आजोबा म्हणाले. "बाईमाणसाला असं मधेच टाकून जायचं म्हणजे काय?"

रस्त्यात गाडी थांबली आणि कुणी झाडामागे गेलं, की ते परत येईपर्यंत आई घंटीची दोरी ओढायची नाही. ड्रायव्हर कितीही करवादला तरी नाही. दोनदा त्यापायी तिची तक्रार झाली होती. आई माझं नाव विसरली होती, नवरा मेलेला विसरली होती. पण खाली उतरलेलं माणूस ती विसरली नव्हती. मोठ्या बाईंचे पाच-दहा मिनिटांचे हिशेब सगळ्या माणसांवर बेतलेले असतील, त्यात कंडक्टर नसावा.

मला पाहून तिनं एक हात खाली घेतला. ओळख अशी काही दिसली नाही. "किती वेळ हो बाई? एवढी माणसं खोळंबलीत."

"चुकलं माझं."

"बसा."

मी बसले. आईनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि दारातून बाजूला झाली. माणसं जेवायला उठली. मी तिच्या शेजारी बसून तिला सूप भरवलं, तिनं ते सगळं संपवलं. मोठ्या बाई माझ्या कानाशी वाकल्या. "आता जेवणानंतर झोपतील. मग निघा."

"उठल्यावर परत दारात उभी राहील," मी म्हटलं. "रोज राहील. मला ते चालणार नाही."

"मग घेऊन जाता का?"

घेऊन कुठे जाणार होते? काकूंचे जोडलेले हात मला दिसत होते, तो ट्रक दिसत होता. मी आईकडे वळले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

"आई, मी परत येणार नव्हते. बाथरूमचं मी खोटं सांगितलं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली नाही. सगळ्या नोकरीत तिनं याहून मोठ्या थापा ऐकल्या असतील. "म्हणजे तुम्हाला इथं उतरायचंय?"

"हो."

"मग तसं सांगायचं, बाई. जाऊन येते म्हटलं की आम्हाला थांबावं लागतं. उतरणाऱ्यासाठी कोण थांबतंय?"

"मी इथेच उतरते," मी म्हटलं. "पण रविवारी येईन. दर रविवारी."

"रविवारी असेल त्या गाडीत बसा," ती म्हणाली. "चला उठा, आता रेंगाळू नका."

मी उठले. आईनं माझी पर्स टेबलावरून उचलून माझ्या हातात दिली, माझी छत्री शोधून दिली. मग गुडघ्यावर हात टेकवत कशीबशी वाकली आणि माझं काही खाली राहिलं नाही ना, हे पाहायला खुर्चीखाली डोकावली. काही नव्हतं. ती सरळ झाली आणि तिनं मला जायला वाट दिली.