सातचा निरोप

"काम ज्याच्या हातात हाय, निरोप त्यानंच द्यावा. त्याच्या बदल्यात दुसरा कोनी देऊन राह्यला असन तं तो निरोप नाई, नीलिमा. ते झाकन हाय."

मशीन शिकवणाऱ्या फय्याजभाईंचं हे बोलणं नीलिमाला आठवलं तेव्हा कंट्रोल रूमच्या दाराची वरची कडी निखळून लोंबत होती आणि बाहेरून दारावर लोखंडी पाइपाचे घाव पडत होते. आत ती आणि उकंडराव, दोघंच. उकंडराव पाणीपुरवठा योजनेवरचे जुने व्हॉल्वमन, निवृत्तीला सात महिने राहिलेले. त्यांनी टेबल ओढून दाराला लावलं आणि त्यावर स्वतःच बसले.

"सव्वीस वर्सं या गावायले पानी पाजलं," ते म्हणाले, "कोनं साधा चहा नाई पाजला. आज पाजतेत वाटते काई."

बाहेर किन्हीराजाच्या पलीकडच्या गावातली तीस-पस्तीस माणसं होती. टेम्पोत उभी राहून वाशीमपर्यंत आलेली. तीन दिवस त्यांच्या नळाला थेंब नव्हता. तीन दिवस ती फोन करत होती आणि तीन दिवस नीलिमा समोरच्या पडद्याकडे बघून सांगत होती की टाकी बासष्ट टक्के भरलेली आहे, पंप चालू आहे, गावातलाच व्हॉल्व कोणीतरी फिरवला असेल. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. पडद्यावर हिरवं होतं.

दार आत आलं ते टेबलासकट. जगदेव नावाचा रुंद खांद्याचा माणूस सगळ्यात पुढं होता. त्यानं उकंडरावांना शिवी दिली नाही की प्रश्न विचारला नाही. हातातला पाइप उचलला आणि त्यांच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. मागच्यांनी खिडकीची तावदानं फोडली, भिंतीवरचा नकाशा ओरबाडला, खुर्ची उचलून कपाटावर आपटली. उकंडराव भिंतीशी सरकत खाली बसले आणि तरी एका पायानं मशीनची वायर सांभाळत राहिले.

मग गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. काखेत पाण्याचा रिकामा पितळी गुंड. धुरपताबाई. फोनवर रोज बोलायची ती हीच, हे नीलिमानं आवाजावरून ओळखलं. म्हातारी जवळ आली, गुंड दोन्ही हातांत धरला आणि नीलिमाच्या कपाळावर घातला.

पौर्णिमा होती. नीलिमा पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बुद्धाचे आठ नेम, पाळायची, पांढरी साडी नेसायची, दुपारी बाराच्या आत एकदा जेवायची. पहाटे ती शीलं म्हणून निघालेली बाई. भुवईवरून रक्त उतरलं ते सरळ त्या पांढऱ्या पदरावर.

"तीन दिस इचारलं तुले," धुरपताबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तीन दिस तू म्हने, टाकी भरेल हाय. माही सून सातव्या महिन्याची. पान्यासाठी काल इहिरीत उतरली. पाय सुटला. ते वाचली. लेकरू नाई वाचलं."

खोलीतली तोडफोड थांबली.

"मावशी, मशीनवर तसंच दिसत होतं."

"दिसत असन. तू आली होती काय पाहाले?"

नीलिमानं पदर कपाळावर दाबून धरला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा माणसं आपोआप पांगली. जगदेव तेवढा पाइप धरून तिथंच उभा होता. त्याला त्यांनी मानेला धरून नेलं, पायरीवर दोनदा आपटलं. उकंडरावांनी त्याच्याविरुद्ध जे घडलं ते लिहून दिलं. हवालदारानं नीलिमाला विचारलं की बाई, तुम्हाला कोणी मारलं? तिनं सांगितलं, मला कोणाची तक्रार नाही. खोटं बोलायचं नाही हा एक नेम, आणि त्या म्हातारीचं नाव घ्यायला जीभ वळेना.

मग ती मशीनसमोर बसली. पडद्याला कोपऱ्यातून तडा गेला होता, पण चालू होता. पाचव्या टाकीपुढं, या माणसांच्या गावच्या टाकीपुढं, अजून हिरवं होतं. बासष्ट टक्के.

या मशीनमध्ये बारा टाक्यांचे बारा प्रोग्राम आहेत. ते पडद्यावर येत नाहीत, मागं बसून काम करतात. कोणती टाकी किती भरली ते वाचायचं, पंप लावायचा, बंद करायचा. त्या सगळ्यांवर एक असतो. इंग्रजी नाव मोठं आहे, फय्याजभाई त्याला कारभारी म्हणायचे. सुरू झालं की प्रोग्रामनं कारभाऱ्याला कळवायचं, मी तयार आहे. थांबताना कळवायचं, थांबतो आहे. आणि मधल्या काळात दर तीस सेकंदांनी नुसतं एवढं, की मी जिवंत आहे. तो निरोप चुकला की कारभारी दयामाया करत नाही. त्या प्रोग्रामला जागच्या जागी मारतो आणि नव्यानं उठवतो.

"कारभारी कोनाच्या नाकाले सूत लावून पाहात नाई," फय्याजभाई सांगायचे. "त्याले निरोप समजते. म्हनून निरोपात कामाचा वास पाहिजे."

वीजतंत्री म्हणून लागलेला माणूस. साठीत मशीन शिकला आणि नीलिमाला हाताला धरून शिकवलं. गेल्या रमजानात गेले.

नीलिमानं नोंदी उघडल्या. दर तीस सेकंदांनी: जिवंत, जिवंत, जिवंत. आणि टाकीचं शेवटचं वाचन? सोमवारी पहाटे चार वाजून बारा मिनिटं. त्यानंतर काही नाही, पडद्यावर तेच जुनं हिरवं गोठलेलं. टाकीकडून वाचन आणणारी लाइन तुटली होती. टाकी वाचणारा आणि पंप लावणारा प्रोग्रामचा हात तिथंच, उत्तराची वाट बघत अडकून पडला होता, आणि त्याच्या शेजारी बसवलेला दुसराच एक हात तीन दिवस कारभाऱ्याला सांगत होता की सगळं जिवंत आहे.

तो दुसरा हात कोणी बसवला, हे तिला शोधावं लागलं नाही. लाइन खराब असली की प्रोग्रामचा निरोप उशिरा जायचा, कारभारी त्याला मारायचा, दिवसातून वीस वेळा. लाल दिवा, हिरवा दिवा. त्या कटकटीला कंटाळून हिवाळ्यात तिनंच ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं होतं की हे थांबवा. त्यानं हसत हसत निरोप पाठवायचं काम वेगळं काढून दिलं. तेव्हापासून शांतता होती. तिला त्या शांततेचं बरं वाटलं होतं.

तिनं कारभाऱ्याला हुकूम दिला: मार. पडद्यावर ओळ आली, मारले. प्रोग्राम पुन्हा उठला, पाचवी टाकी लाल झाली. तिनं साहेबांना फोन केला, दोन टँकर मागितले, माणूस टाकीवर पाठवला. काय चुकलं आणि कोणामुळं, तेही सांगून टाकलं.

नंतर तिनं हात पुसले. पुसता पुसता थांबली.

पर्समधून फोन काढला. सकाळी सात वाजता सपनाचा निरोप आला होता. जय भीम ताई. ठीक आहे. काल सात वाजता. जय भीम ताई. ठीक आहे. परवा सात वाजता. ती अंगठ्यानं वर वर सरकवत गेली. सतरा दिवस, एकच ओळ, सातला सात.

सपना तिची धाकटी बहीण, कारंज्याला दिलेली. नवरा रवी कापसाच्या जिनिंगवर कामाला. तीन वर्षांपूर्वी त्यानं सपनाची बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं, हळूहळू, ती ओरडायची थांबेपर्यंत. कानाचा पडदा त्याच्याही आधीच गेला होता. माहेरी दोन महिने राहिली. मग चार शहाणे बसले, त्यानं हात जोडले, आणि ती परत निघाली. वाशीमच्या स्टँडवर नीलिमानं तिची वाकडी झालेली बोटं हातात घेऊन सांगितलं होतं, "रोज सकाळी सातले निरोप टाकत जाय. ज्या दिवशी नाई आला, त्या दिवशी मी आली समज. कोनाले इचारनार नाई. येईन अन् घेऊन जाईन."

सपनाचे निरोप कधी वेळेवर यायचे नाहीत. सव्वासात, आठ, कधी साडेआठ. पण लांबलचक. आज आंबाडी केली, त्यानं ताट फेकलं पण भाजी शेजारच्या सुलतानबीच्या छोट्या यूसरानं खाल्ली. आज पाठ दुखते. आज मांजर व्याली. होळीच्या सुमारास एकदा नऊ वाजले तरी निरोप नव्हता, म्हणून नीलिमानं घाबरून थेट रवीला फोन लावला. त्या फोनपायी त्यानं सपनाला पट्ट्यानं मारलं. मग नीलिमानंच तिला बजावलं होतं, "लांब नको लिहू. 'ठीक आहे' येवढंच टाक. पन सातच्या ठोक्याले."

येवढंच टाक.

तिनं सपनाला फोन लावला. कट झाला. लगेच निरोप आला: कामात आहे. ठीक आहे.

नीलिमानं लिहिलं: आज काय शिजवलं?

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं.

भाजी.

हा हात सपनाचा नव्हता. कपाळावरचं रक्त वाळून कातडी ओढली जात होती. तिनं सुलतानबीचा नंबर काढला. सपनाच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी. गरजेला असू दे म्हणून सपनानं तो नंबर दिला होता.

सुलतानबी पंधरा दिवस लेकीकडं अकोल्याला होती, कालच संध्याकाळी परतली होती. "दरवाजे को बाहेरून कुलूप हाय बेटी," ती म्हणाली. "मले वाटलं, दोघं गावाले गेले. पन रातच्याले तो आला, सकाळी पुन्हा कुलूप लावून गेला. एकटाच."

"आतून आवाज येते काय, खाला?"

"नाई. आधी मारायचा आवाज तरी येये. आता तोबी नाई."

नीलिमानं तिला मागच्या खिडकीशी जायला सांगितलं. सुलतानबीचे गुडघे धरलेले. तिच्या चपला घासत गेल्याचं फोनवर ऐकू येत होतं. मग तिनं हाका मारल्या, सपना, ओ सपना. काहीच नाही. मग पुन्हा. मग फार दुरून, ताटावर चमचा वाजावा तसं, टक. टक.

"या अल्ला," सुलतानबी म्हणाली. "बोलून नाई राह्यली ते. नुसतं वाजवते. खिडकीतून पाय दिसते तिचा. थांब… मान वळवली तिनं. तोंड, बेटी, तोंड एका बाजूनं पार काळं पडेल हाय. जबडा जागेवर नाई."

गल्लीतल्या कोणाला तरी बोलवा, असं नीलिमा म्हणाली आणि म्हणतानाच तिला आठवलं. मागच्या खेपेला सुलतानबीचा मुलगा उजैर सोडवायला घरात शिरला होता. रवीनं त्याचं डोकं फोडलं आणि घरात घुसला म्हणून केस उजैरवरच झाली. तेव्हापासून गल्ली त्या दारात जात नव्हती. सुलतानबीनं तेच सांगितलं, लाजून, अर्धवट.

नीलिमानं कंट्रोल रूमच्या फोनवरून पोलिसांच्या एकशेबाराला कळवलं. पत्ता दोनदा सांगितला. गाडी पाठवतो, म्हणाले. तिनं साहेबांना कळवलं की मी निघाले. मग पुन्हा सुलतानबीला म्हणाली, "खाला, खिडकीपासून हलू नका. थोड्या थोड्या वेळानं तुमी भिंतीवर वाजवा. तिनं वाजवलं की मले सांगा. एकदा जरी नाई वाजवलं, तं गल्लीले हात जोडून दार फोडा, नाव माहं सांगा. फोन बंद करू नका."

"तू येते ना?"

"मी तिले सांगेल हाय, येईन म्हनून."

अवजारांच्या पेटीतून तिनं मोठा पाना काढला, पाइप फिरवायचा, हातभर लांब. टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला. भिंतीशी बसलेले उकंडराव बघत होते. त्यांचा हात गमछ्यात बांधला होता, त्यांना न्यायला ऑटो येणार होता.

"ताई, आज तुमची पौर्निमा. पाना कायले?"

"कुलूप हाय तिथं."

"अन् कुलपापाशी तिचा नवराच उभा असन तं?"

पहाटे म्हटलेल्या पहिल्या शीलाचे, जीवहिंसा न करण्याचे, शब्द नीलिमाच्या ओठांवर होते. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"तुमी काई खाल्लं नाई," उकंडराव म्हणाले. "बारा वाजाले आले."

डबा त्यांच्यापुढं ठेवून ती बाहेर पडली.

स्टँडवर कारंज्याची गाडी लागलेली होती. कपाळाला रुमाल बांधलेली, पदरावर रक्त असलेली बाई बघून खिडकीजवळच्या पोरींनी जागा दिली. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि तिच्या कपाळाकडं बघत विचारलं की दवाखान्यात जाता काय.

"नाही. कारंज्याहून वाशीमला परतीची शेवटची गाडी किती वाजता असते?"

त्यानं वेळ सांगितली.

फोन तिच्या कानाशी होता. पलीकडं सुलतानबीनं भिंतीवर वाजवलं, तीनदा, बांगडीनं. गाडीचं इंजिन सुरू झालं, सीट थरथरू लागली, आणि नीलिमानं दुसरा कान हातानं बंद केला.

टक.

गाडी मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली.