पिवळ्या पिल्लाचे डोळे

मांजरीच्या महिनाभराच्या पिवळ्या पिल्लाचे दोन्ही डोळे पुवाने चिकटले, तेव्हा रंजिताला जो तो वेगळं कारण सांगू लागला. सासू कुंताबाई म्हणाल्या, "अंगणात मिरच्या वाळू घातल्या न, त्याचाच खकाना गेला असंन." नवरा कैलास म्हणाला, बोक्याने नख मारलं. शेजारचे बंडूजी म्हणाले, "मांजराचे डोये उशिराच उघडते. तू काऊन घाई करून राह्यली?" डोळे आधी उघडले होते, हे तिने तीनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

गुरांच्या दवाखान्यात ती दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा डॉक्टर लसीकरणाला गेलेल्या. चौथ्या दिवशी भाजीचं दुकान कैलासवर सोडून ती पिल्लाला टोपलीत घेऊन दवाखान्याच्या पायरीवरच बसली.

डॉक्टर नमिता दुपारी आल्या. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्यांनी पापण्या हलकेच सोडवल्या.

"शिंका येतात का याला?"

"आठ दिवस झाले."

"मग ही मांजरांची सर्दी आहे. विषाणूमुळे होते, एकाची दुसऱ्याला लागते. पू आत साठत गेला. उजवा डोळा वाचेल, डाव्यात फूल पडलंय."

"कारण सगळ्याइनं सांगतलं मॅडम," रंजिता म्हणाली, "डोये कोणीच पाह्यले नाई."

घरी येऊन तिने त्याची दोन भावंडं वेगळ्या खोक्यात ठेवली आणि औषधाचे थेंब घालायला बसली. आठवड्याभरात उजवा डोळा स्वच्छ झाला. डावा गेला तो गेलाच. रंजिताची चिडचिड मात्र जाईना, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच होती. ओल्या कापसाने पापणी पुसणं तिलाही जमलं असतं.