मादामच्या मांजरीचे चाळीस दिवस

बंद घरे सत्तावीस. उघडी सहा. मांजरे एकोणीस, त्यांतली आठ पिल्ले. दोन पिल्लांचे डोळे चिकटलेले, एक बोका मागच्या उजव्या पायाने लंगडा.

मुअल्लाने पेन्सिल कानावर खोचली आणि पातेल्यातली उरलेली मॅकरोनी दगडी पायरीवर उपडी केली. मॅकरोनीत माशांची डोकी उकडलेली होती. ती मासेवाल्या हायरीच्या दुकानातली. तो स्वतःच हातगाडी ढकलत चढ चढत होता.

"किती निघाली यंदा, आब्ला?" त्याने विचारले. आब्ला म्हणजे ताई.

"एकोणीस."

"गेल्या वर्षी तेवीस होती ना? बघ, माणसं सुधारली."

"सुधारली कसली. यंदा आलीच कमी."

बुर्गाझ बेटावर दर उन्हाळ्यात इस्तंबूलची माणसे येत. जूनमध्ये त्यांच्या मुलांना खेळायला पिल्लू लागे आणि सप्टेंबरात नवे दप्तर लागे. शाळा उघडल्या की पेट्या घोडागाडीवर चढत, खिडक्यांच्या लाकडी झडपा मिटत आणि पिल्लू बागेत राही. चार महिने त्याच्या गळ्यात रिबीन असे. मग रिबीन मळे, आणि नोव्हेंबरपर्यंत कुठेतरी गळून पडे.

मुअल्लाने एकतीस वर्षे बोटीच्या धक्क्यावर तिकिटे फाडली होती. त्या खिडकीतून माणसाचा चेहरा दिसत नसे, फक्त हात दिसत. हातांवरून तिला घरे ओळखता येत. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, पण मोजायची सवय काही गेली नाही. एक दिवस झडपा बंद म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, माणसे बाजारात जातात. पण तीन सकाळी झडपा बंद आणि तीन सकाळी तेच मांजर पायरीवर, म्हणजे ते सोडून दिलेले. हा तिचा हिशेब. अशा मांजरांना ती घरे शोधून देई. अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, आणि ही गोष्ट ती लोकांना ऐकवतही असे.

तिसऱ्या सकाळी मादाम एल्पिनिकीच्या पायरीवर राखी मांजरी बसलेली दिसली तेव्हा मुअल्ला फाटकाशीच थांबली.

"ही पण?" ती स्वतःशी म्हणाली.

मादामचे हात तिला पाठ होते. लेसचा हातमोजा, करंगळीशी उसवलेला. दर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते हात खिडकीत येत आणि शेजारी वेताची करंडी टेकवली जाई. करंडीत एकदा पांढरा बोका होता, मग त्याची मुलगी, मग ही राखी. बेटावरचे मादामसारखे बाकीचे ग्रीक एकेक करून गेले, चर्चच्या अंगणात ईस्टरला पूर्वी पाय ठेवायला जागा नसे आणि आता बाकेसुद्धा रिकामी पडत. पण मादामची करंडी एकदाही मागे राहिली नव्हती. संध्याकाळच्या त्या बोटी मुअल्लाला अजून आठवत. कठड्याला रेलून रुमाल हलवणारी माणसे, वाफेची शिट्टी, आणि बोट वळली की धक्क्यावर अचानक ऐकू येणारे लाटांचे थपथप. सगळे गेले की मादाम शेवटी चढत. आणि आता मादामनीही मांजर टाकले होते.

त्या रागात मुअल्लाने शेजारी चौकशी केली नाही. चौकशी करायला शेजार उरलाही नव्हता म्हणा. गुरुवारी तिने राखी मांजरीला टोपलीत घातले आणि समोरच्या किनाऱ्यावर, बोस्तांजीला, रिफ्कीच्या बटणांच्या दुकानात पोचवले.

रिफ्की अठ्ठावन्न वर्षांचा विधुर; सगळे त्याला रिफ्की बे, म्हणजे रिफ्कीराव, म्हणत. दुकानाच्या तिन्ही भिंतींना छोटे खण, आणि प्रत्येक खणावर एकेक बटण शिवलेले.

"ही बटणं खात नाही ना, आब्ला?"

"तुम्ही खाता का?"

"मी कशाला खाऊ?"

"मग ती तरी कशाला खाईल? नीट ऐका, रिफ्की बे. चाळीस दिवस. बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात, गेलेल्या माणसाचा चाळिसावा करतात, तसंच हे. चाळीस दिवसांत तुम्हाला जमलं नाही तर मी परत नेईन. चाळिसावा उलटला की मांजर तुमचं. मग देवदूत मागायला आला तरी द्यायचं नाही."

"देवदूताला मांजर कशाला लागतंय?" रिफ्की म्हणाला. पण त्याने कॅलेंडरवर खूण केली.

छत्तिसाव्या दिवशी दुपारच्या बोटीतून दोन हमालांनी एक खुर्ची उतरवली. खुर्चीत मादाम एल्पिनिकी होत्या. मुअल्ला धक्क्याजवळच्या चहावाल्याकडे बसली होती. तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मुअल्ला," मादाम म्हणाल्या, "बरं झालं भेटलीस. मोडलं गं माझं खुब्याचं हाड. स्वयंपाकघरातच पडले. भाची आली, झडपा लावल्या आणि मला उचलून शहरातल्या इस्पितळात नेलं. इस्पितळात मांजर नेऊ देत नाहीत."

"पण तुम्ही तर... दर वर्षी जाताच ना, मादाम."

"यंदा जाणार नव्हते. शहरातलं घर सोडलं मी मे महिन्यात. म्हटलं, आता हिवाळेसुद्धा इथेच. सांगणार कुणाला? आहे कोण सांगायला?" मादामनी शालीतून हात काढून मुअल्लाच्या हातावर ठेवला. हातमोजा नव्हता. "माझ्या आस्पासियाला कोण घालत होतं खायला? तूच ना? मला माहीत होतं, तू बघशील."

मुअल्लाने पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "बघते मी."

त्या रात्रीच लोदोस सुटला. नैर्ऋत्येचा हा वारा सुटला की बेटावर डोकी दुखतात आणि बोटी बंद होतात. सदतिसावा दिवस गेला, अडतिसावा गेला. रिफ्कीला फोन करता आला असता. मुअल्लाने तीनदा रिसीव्हर उचलला आणि तीनदा खाली ठेवला. काय सांगणार होती ती? माझा हिशेब चुकला? रिफ्कीपाशी तिने त्या हिशेबाच्या किती बढाया मारल्या होत्या!

एकोणचाळिसाव्या दिवशी हायरी म्हणाला, "मादाम सगळ्यांना विचारतायत, आब्ला. काल माझ्याकडून दोन बांगडे घेतले मांजरीसाठी. म्हटलं, मांजर कुठंय? तर म्हणाल्या, येईल, मुअल्लाने सांगितलंय."

"गप बस."

"मी गप्पच आहे. बांगडे बोलतायत."

एक्केचाळिसाव्या दिवशी वारा पडला. सकाळच्या पहिल्या बोटीने मुअल्ला बोस्तांजीला उतरली. राखी मांजरी शिंपल्यांच्या बटणांच्या खणात, पाय पोटाखाली घेऊन झोपली होती. खणातली बटणे काढून रिफ्कीने त्यात लोकरीचा तुकडा घातला होता.

"ये दूमे, बघ कोण आलंय," तो म्हणाला. दूमे म्हणजे बटण. "आब्ला, उशीर केलात. काल चाळिसावा होता. मी दुकानात चार माणसांना हलवा वाटला."

मुअल्लाने सगळे सांगितले. उभ्यानेच सांगितले. रिफ्की ऐकत होता आणि एका बाईच्या कोटाची बटणे मोजत होता. आठ मोजून झाली तरी तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

"नाही," तो म्हणाला.

"रिफ्की बे, बाई ऐंशीच्या वर आहे."

"मी कधी होणार ऐंशीचा? मलाही व्हायचंय की. आब्ला, बायको गेल्यापासून या दुकानात माझ्याशी गिऱ्हाइकाशिवाय कोणी बोललं नाही. ही बोलते. सकाळी शटर उघडलं की शिव्या देते, उशीर का झाला म्हणून. नियम तुमचा. देवदूतालासुद्धा देऊ नका म्हणालात. मी देवदूताला नाही म्हणायची तयारी केली होती, आणि तुम्हीच येऊन उभ्या राहिलात."

"माझं चुकलं."

"तुमचं चुकलं, मग दंड मला का?"

मुअल्ला रिकामी टोपली घेऊन परतली. बोटीत एका पोराने विचारले, "आजी, टोपलीत काय आहे?" तर तिने टोपली उघडून दाखवली.

मादाम शेगडीशी बसल्या होत्या. कुबडी खुर्चीला टेकवलेली. दाराजवळ बशी होती, बशीत बांगड्याचा तुकडा वाळून वाकला होता.

"मी दिली तिला," मुअल्ला उंबऱ्यावरूनच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही टाकून गेलात."

मादामनी शेगडीतले निखारे हलवले.

"एकतीस वर्षं तू माझं तिकीट फाडलंस, मुअल्ला."

"हो."

"एकदा तरी मी तिला टाकून बोटीत चढले?"

"नाही."

"मग?"

मुअल्ला खाली बसली. तिच्या गुडघ्यांचा आवाज खोलीभर झाला. "झडपा बंद होत्या, मादाम. मी झडपा मोजल्या. दार नाही वाजवलं."

आत कोणी नव्हतेच, दार वाजवून उपयोग झाला नसता, हे दोघींनाही ठाऊक होते. मादामनी ते बोलून दाखवले नाही. त्यांनी कुबडीच्या टोकाने बशी भिंतीकडे सरकवली, कारण वाकून उचलणे आता त्यांना जमणार नव्हते. मग मुलीच्या सासरची चौकशी करावी तसे एकेक विचारायला सुरुवात केली. माणूस कसा आहे? पितो का? दुकान उबदार आहे? खायला काय घालतो?

"कोंबडीचं काळीज. उकडून, बारीक कापून."

"मीठ?"

"विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं. झोपते कुठे?"

"बटणांच्या खणात. लोकर घालून दिलीय त्याने."

मादामच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. "माझ्याकडे ती कपाटात, टेबलक्लॉथांवर झोपायची. सारखी ओरडायचे मी." त्यांनी शाल ओढून घेतली. "मागू नकोस त्याच्याकडे. मी बशीपर्यंत वाकू शकत नाही, तिला कसली सांभाळते? फक्त म्हणावं, एकदा घेऊन ये. रविवारी. बोटीचं भाडं माझं."

या वेळी मुअल्लाने लगेच फोन केला. पलीकडून आधी मांजरीचे ओरडणे ऐकू आले, मग रिफ्की. "नेईन आणि परत आणीन. आधीच सांगतो."

रविवारी तो आला तो लग्नाला निघाल्यासारखा, गळ्याला टाय, काखेत टोपली. मादामच्या खोलीत टोपी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकला. टोपलीचे झाकण मुअल्लाने उघडले.

"आस्पासिया," मादाम म्हणाल्या.

"दूमे," रिफ्की म्हणाला.

मांजरीने दोघांकडेही पाठ केली. कुबडी हुंगली, शेगडी हुंगली, कपाटाचे अर्धे उघडे दार नखाने ओढले आणि आत शिरली. क्षणभराने टेबलक्लॉथ तुडवल्याचा आवाज यायला लागला.

"नाव काय ठेवलंत म्हणे? बटण?" मादाम म्हणाल्या. "राजघराण्याची आहे ती. हिची आजी बिशपच्या मांडीवर बसलेली."

"माझ्या दुकानातलं सगळ्यात महाग बटणही राखीच आहे, मादाम."

"मीठ घालता का काळजात?"

"चिमूटभर."

"घालू नका. मूत्रपिंडं जातात."

"बरं." रिफ्कीने टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. मग कपाटाकडे बघत, कुणाशीच नाही असे तो म्हणाला, "रविवारी दुकान बंदच असतं तसं."

मुअल्ला चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि पाणी उकळले तरी बराच वेळ तिथेच उभी राहिली. बाहेर त्या दोघांचे भांडण रंगले होते: मांजराला दूध द्यावे की देऊ नये.

मादाम एल्पिनिकी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या, मंगळवारी, पहाटे.

त्या नोव्हेंबरपासून तोवर रविवार झाले एकोणीस. वाऱ्यामुळे चार रविवारी बोट सुटली नाही. रिफ्की आला पंधरा वेळा.