बेचाळीस हिरव्या खुणा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःलाच शिव्या घालायला लागले की कुणी दचकायला नको. मी भोपाळला डिझाइन शिकते. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, माणसाचं बोट आधी कुठे जातं, त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, याचा अभ्यास. झाशीत कुणाला हे सांगितलं की म्हणतात, "अच्छा, कंप्यूटर का कोर्स." मी समजावणं कधीच सोडलंय.

शेवटच्या सत्रातला माझा प्रकल्प म्हणजे वयस्कर माणसांना गोळीची आठवण करून देणारं ॲप. आणि ते वापरून बघणारे एकमेव गृहस्थ म्हणजे माझे बाबा, हरिभाऊ. चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं. भुसावळहून झाशीला बदली झाली आणि इथलेच झाले. आई गेल्यापासून ओरछा गेटजवळ दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज संध्याकाळी सहाला, जन्मभर. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून बजावलं होतं की एक गोळी चुकली तर फोन करा, तीन चुकल्या तर सरळ इथे या, कारण गुठळी मेंदूत गेली तर मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

म्हणून मी ॲप अगदी सोपं केलं. सहाला भोंगा. फोनचा आवाज बंद असला तरी हा वाजणारच. पडद्यावर एकच मोठं हिरवं बटण, 'घेतली'. ते दाबलं की माझ्या फोनवर हिरवी खूण. तासाभरात दाबलं नाही तर मला धोक्याचा निरोप. आमच्या सरांना ते एकच बटण फार आवडलं. वापरणाऱ्याला विचारात पाडू नका, असा त्यांचा धोशा. मी नाही पाडलं. बेचाळीस दिवस, बेचाळीस हिरव्या खुणा. वर्गात कुणाचीच आकडेवारी एवढी स्वच्छ नव्हती, आणि मी चांगलीच शेफारले होते.

सोमवारी सादरीकरण होतं. बाबांचे दोन-चार फोटो काढावेत म्हणून शनिवारी न सांगताच झाशीला आले. घराला कुलूप. शेजारच्या राधाबाईंकडे किल्ली होती. बाबा बरुआसागरला विद्याधरकाकांकडे गेलेत, असं त्या म्हणाल्या. काका म्हणजे बाबांच्याच गाडीवरचे जुने गार्ड, आता तिथे आल्याची शेती करतात. मी फोन केला, बाबांनी उचलला नाही. 'कर्ज घ्या' म्हणून सारखे फोन करणारे छळतात म्हणून ते फोनचा आवाज बंदच ठेवतात. मी चहा केला, पाय पसरून बसले, आणि पाचच्या सुमाराला म्हटलं, चला, गोळ्यांचे तरी फोटो काढू.

गोळ्या बिस्किटांच्या डब्यात असतात. प्रकल्प सुरू झाला त्या दिवशी मीच बड़ा बाज़ारातून दहा-दहाच्या पाच पट्ट्या आणून त्यात ठेवल्या होत्या. पन्नास गोळ्या, बेचाळीस दिवस. आठ उरायला हव्यात, हे शाळेतलं पोर सांगेल. मी डबा उघडला तर तीन पट्ट्या कोऱ्या करकरीत, आणि चौथीत एक गोळी. एकतीस. मी पुन्हा मोजल्या. मग डबा उपडा करून मोजल्या. एकतीसच. तेवीस दिवस बाबांनी गोळी घेतलेली नव्हती, आणि तेवीस दिवस माझ्या फोनवर हिरव्या खुणा येत होत्या.

तीन चुकल्या तर सरळ इथे या, असं म्हणाले होते डॉक्टर. तेवीस! मी बाबांना सतरा वेळा फोन लावला. नुसती घंटी. काकांचा नंबर माझ्याकडे नाही. जगाला शहाणपण शिकवायला निघालेल्या बाईने वडिलांच्या एकुलत्या एका मित्राचा नंबर घेऊन ठेवला नव्हता. ती एका गोळीची पट्टी मुठीत धरली आणि धावत रस्त्यावर आले. बसची वाट बघायचा धीर नव्हता. एका रिक्षावाल्याला भैया-भैया करत बरुआसागरला यायला तयार केलं. तो आरामात तंबाखू मळत बसला, तेव्हा मी त्याच्यावर अशी ओरडले की बिचाऱ्याने ती तशीच टाकली.

अर्ध्या वाटेत माझा फोन वाजला. सहा वाजले होते. पडद्यावर हिरवी खूण आली: 'घेतली'.

गोळी माझ्या मुठीत होती. बाबा जिवंत आहेत, हे पहिलं मनात आलं आणि रडूच फुटलं. दुसऱ्या क्षणी वाटलं, आत्ता बटण दाबणारा हात पाच मिनिटांनी उचलला जाईल कशावरून? ही खूण काहीच सांगत नाही. मी सहा आठवडे ज्या खुणेकडे बघून निवांत झोपत होते, तिने मला कधीच काही सांगितलं नव्हतं. मी रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले.

काकांच्या अंगणात बाबा बाजेवर बसून चहा पीत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मी ना नमस्कार केला ना काही.

"बाबा, हसून दाखवा."

त्यांना वाटलं पोरीला वेड लागलं. पण हसले. तोंड सरळ होतं, म्हणजे गुठळी अजून मेंदूत गेली नव्हती. दोन्ही हात वर करा म्हटलं, तर बाबांनी केले, आणि घाबरून काकांनीही केले. मग मी ती पट्टी बाजेवर ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बोलले ते काकाच. म्हणाले, अगं, याचा काय दोष? इंजिनात ड्रायव्हर काही वेळ हात न हलवता बसला की दिवा लागतो, भोंगा होतो. बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. चौतीस वर्षं याने तेच केलंय. भोंगा झाला की याचं बोट आधी जातं, डोकं मागून. आत्ताही माझ्यासमोर चहा पिता पिता दाबलं.

माणसाचा अभ्यास करते म्हणे मी! ज्याचं सगळं आयुष्य भोंगा बंद करण्यात गेलं, त्याच्याच हातात मी भोंगा दिला होता. अशी अक्कल गहाण टाकलेली विद्यार्थिनी शोधून सापडायची नाही.

त्याच रिक्षाने आम्ही झाशीला परतलो. वाटभर मी बाबांना काहीबाही विचारत राहिले, आजची तारीख, आईचं माहेर, सतराचा पाढा. ते गुमान उत्तरं देत होते. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर भडकले आणि मी ऐकून घेतलं. तपासणी झाली. झडपेवर छोटी गुठळी दिसत होती. औषध चालू करतो, विरघळायला हवी, पण एक-दोन दिवस काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात जड झाला, तर त्याच क्षणी हाक मारा.

बाबांच्या हाताला सलाईन लावून सिस्टर गेली. मी स्टूल ओढून बसले. काकांचं म्हणणं मला पटलं होतं, म्हणून म्हटलं, "चूक माझी आहे बाबा. सवयीने दाबत होतात तुम्ही."

"सवयीने नाही," बाबा म्हणाले. "विद्याधरला काय सांगायचं म्हणून गप्प बसलो."

मग सगळं बाहेर आलं. मी आणलेल्या पट्ट्यांतल्या एकोणीस गोळ्या झाल्यावर दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ते थांबेना. मांडीवर कुठे न आपटता काळानिळा डाग उठला. त्यांना वाटलं, आपलं रक्त पार पाणी होऊन गेलं, आता एखाद्या दिवशी असेच वाहून जाणार. एकटं घर. त्यांनी गोळी बंद केली आणि बटण तेवढं दाबत राहिले.

माझं डोकं फिरलं. "मला का नाही सांगितलंत? दाबलं नसतंत तर मी त्याच दिवशी धावत आले असते."

"म्हणूनच दाबलं. तू परीक्षा टाकून आली असतीस. आई गेल्यापासून तू रोज सहाला फोन करायचीस ना, गोळी घेतली का म्हणून. मी हो म्हणायचो, मग इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. त्या बोलण्यात सांगितलं असतं मी. हे ॲप आलं आणि तुझा फोन बंद झाला. सुरुवातीला मी बटण दाबून फोन हातात धरून बसायचो. मला धोक्याचा निरोप नव्हता गं पाठवायचा, मयू. मला नुसतं बोलायचं होतं. मला फार भीती वाटत होती."

ते खरं होतं. पहिल्या दिवसापासून खूण आली की मी फोन बाजूला ठेवून कामाला लागत होते. आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत न चुकलेला फोन मी बंद केला, आणि तो बंद केल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. चौतीस वर्षं इंजिन चालवणाऱ्या माझ्या बापाच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांचा सलाईन नसलेला हात धरला आणि म्हटलं, आता बोला, सगळं सांगा.

ते बोलायला लागले. दूधवाल्याचं, राधाबाईंच्या सुनेचं, काकांच्या आल्याला लागलेल्या किडीचं. मी हूं हूं करत होते, पण मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. प्रत्येक शब्द त्यांच्या तोंडून सरळ बाहेर पडतोय ना, एवढंच मी जीव मुठीत धरून ऐकत होते.