रोपवाटिकेतल्या फावड्याचे म्हणणे

मी बोलतोय, नगरपालिकेच्या रोपवाटिकेतले फावडे. शाळा पाहिली ती तिच्या अंगणात खड्डे खणायला गेलो तेव्हा, बाहेरूनच. त्यामुळे गोड बोलणे जमत नाही.

लोहाराने माझे पाते घडवले, सुताराने दांडा बसवला. एकोणीस वर्षे मी एकाच माणसाच्या हातात आहे. तो इथला माळी. काम झाले की मला धुतो, पुसतो, तेलाचा हात फिरवतो. त्याची बायको म्हणते, "माझी कधी एवढी विचारपूस नाही केली!"

"तू कुठे गंजतेस?" माळी म्हणतो.

साहेबांची माझी ओळख ते नगरसेवक नव्हते तेव्हाची. शहरांची आखणी शिकून आले होते. खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. शहरात झाडे हवीत म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. पहिल्या झाडाचा खड्डा त्यांनी स्वतः खणला. हाताला फोड आले. ते फोड त्यांना पुढे दोन निवडणुका पुरले.

निवडून आल्यावर रीत ठरली. माळ्याने आदल्या दिवशी खड्डा खणायचा आणि त्यात सैल माती भरून ठेवायची. साहेबांनी येऊन तीनदा माती उपसायची. एकदा फोटोसाठी, दुसऱ्यांदा फोटो नीट आला नाही म्हणून, तिसऱ्यांदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर. झाड जगले का, हे विचारायला कोणी फिरकले नाही. जगवायचा माळीच.

पण एक काम साहेबांनी पक्के केले. नियम आणला. जमिनीत उभे असलेले कोणतेही झाड, लहान असो की मोठे, समितीच्या परवानगीशिवाय हलवायचे नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही त्यांना मनात मान दिला.

मग साहेबांच्या मनात पर्यावरण भवन आले. चार मजले, सगळी काच, आत गारव्याची यंत्रे. जागा त्यांनी नकाशावर शोधली. नकाशात आमची रोपवाटिका 'मोकळी जागा' होती, कारण आमची रोपे पिशव्यांत. पिशवीतले झाड त्यांच्या हिशेबी झाड नव्हते.

माळी म्हणाला, "साहेब, चारशेच्या वर रोपं आहेत इथे. ही जागा गेली तर शहरात लावणार काय?"

"काका, शहर भावनेवर चालत नाही. झाडं कुठायत, दाखवा."

"ही काय, समोर."

"या पिशव्या झाल्या. सोमवारी मोजणीवाले येतील, तोवर उचला."

"उचलून ठेवू कुठे?"

"ते तुम्ही बघा. माळी तुम्ही का मी?"

शनिवारी सकाळी माळी बायकोला घेऊन आला. ते दोन दिवस मी राबलो, तसा कधी राबलो नव्हतो. मी खणायचे, तिने पिशवी फाडायची, त्याने रोप जमिनीत बसवायचे. जागा बेताची, म्हणून हातभर अंतरावर.

"अहो, इतकी दाट? मरतील की एकमेकांच्या अंगावर."

"चार महिन्यांनी काढून शहरभर लावू. आधी जागा तर वाचू दे."

सोमवारी मोजणीवाले आले. मोजता मोजता त्यांचे डोके फिरले. कागदावर लिहिले: झाडे, चारशे बारा. नियम साहेबांचाच. भवन अडले.

मला वाटले, साहेब आता माळ्यावर उखडतील. मी लोखंड, मला माणसे काय कळणार? बुधवारी ते पाहुणे घेऊन आले, रोपांमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "शहरातलं हे पहिलं दाट वन! कित्येक वर्षं हे माझं स्वप्न होतं." माळ्यालाही जवळ ओढले. फोटोत तो अर्धा आला.

माळी म्हणाला, "जागा वाचली, बरं झालं साहेब. पण चार महिन्यांनी ही काढून दुसरीकडे लावावी लागतील. अशा दाटीत जगायची नाहीत."

"काका, वनातलं झाड कोणी काढतं का? नियम आहे."

"तुमचाच आहे ना? बदला की."

"माझं सगळं नाव त्या नियमावर आहे. तो बदलून कसं चालेल?"

याला दीड वर्ष झाले. रोपे उजेडासाठी एकमेकांच्या खांद्यावर चढली आहेत. उंच झाली, पण बोटाएवढीच जाड. सव्वाशे वाळली. वाळलेले काढायलाही समितीची परवानगी लागते, आणि समितीचे प्रमुख साहेबच. माळ्याने सात अर्ज दिले. आता तो कुंपणाबाहेरून नळी धरून पाणी घालतो. वनात खोदायला मनाई, म्हणून मी कोठीत कुलपाआड. साहेब मात्र गावोगाव फिरून सांगतात, वन कसे उभारावे.

मला सत्कार नको. पावणेतीनशेवर रोपे अजून हिरवी आहेत. साहेबांची एक सही आणि माळ्याला दोन दिवस, एवढे मिळाले तर ती रस्त्यांच्या कडेला लागतील, वाढतील. सही नाही मिळाली, तर दारात साहेबांच्या नावाचा फलक आहेच. तोही लोखंडाचाच, पण त्याने कधी माती उकरली नाही. तो टिकेल.