भोपळेराव

मित्रांनो, मी एक जुना हातबाहुला आहे. माझं नाव भोपळेराव. माझा एक कान उंदरांनी खाल्ला आहे आणि नाकाचा रंग उडाला आहे, तेव्हा मला पाहून हसू आलं तर हसून घ्या. मला त्याची सवय आहे. हसवणं आणि चुकणं हीच माझी नोकरी होती.

माझा जन्म १९७१ साली पोखर्णीच्या वाटेवरच्या एका लहान गावात झाला. तिथल्या शाळेत महानंदाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. पहिलीची मुलं वजाबाकीला फार भीत. बाईंनी काही विचारलं की माना खाली जात. म्हणून बाईंनी एका रविवारी रद्दी भिजवली, लगदा केला, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचं पीठ मिसळलं आणि माझं गोल डोकं घडवलं. जुन्या लुगड्याचा झगा शिवला. झग्यातून हात घातला की माझी मान हलायची आणि बाई घोगऱ्या आवाजात माझ्यासाठी बोलायच्या.

पहिल्याच दिवशी मी आठातून तीन वजा करून अकरा सांगितले. मुलं ओरडली, "न्हाई! पाच!" बाईंनी माझ्या पाटीवर भला मोठा भोपळा काढला आणि मुलांनी लगेच माझं बारसं केलं. तेव्हापासून मी चुकायचो आणि मुलं मला शिकवायची. बाईंसमोर मुकी होणारी मुलं मला रागावून समजावत. त्यांत सगळ्यांत पुढे होती रुख्मिणी. लिंबाजी आणि सरजाबाई या जोडप्याची ती थोरली लेक.

एके दिवशी खेळ रंगात आलेला असताना सरजाबाई दारात आल्या. काखेत तान्हं मूल, हातात खुरपं.

"रुख्मे, ऊठ. चल घरी," त्या म्हणाल्या. "मला खुरपायला जायचंय. उद्यापासून धाकट्याला तूच सांभाळायचं. शाळा बास झाली."

रुख्मिणी जागची हलली नाही. तिचे डोळे भरून आले.

"थोडं थांबा सरजाबाई, एवढा खेळ संपू द्या," बाई म्हणाल्या.

"खेळच की! मी रानात राबायले अन् ही इथं बाहुल्या खेळायली."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला उंच धरलं. मी म्हणालो, "मावशी, बारा शेळ्या होत्या. पाच वढ्याला पाणी प्यायला गेल्या. राहिल्या सतरा. बरोबर ना?"

सरजाबाईंना हसू फुटलं. "आरं येड्या, गेल्यावर कमी व्हत्याल का वाढत्याल? सहा राहिल्या, सहा!"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. सरजाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि मान खाली घातली. माझ्या आत बाईंचा हात थबकला. आता ही माऊली लेकीला ओढत नेणार आणि पुन्हा या दाराकडे फिरकणार नाही, असं मला वाटलं.

पण हात पुन्हा हलला. मी म्हणालो, "मावशी माझ्याहून लय हुशार! मी केवढा चुकलो, अन् त्या फक्त एकानं. आता आम्हा दोघांना कोण शिकवणार?"

रुख्मिणी उठली. ओंजळीत चिंचोके घेऊन ती आईच्या पायाशी बसली आणि तिनं ते एका ओळीत मांडले.

"माय, ह्या शेळ्या समज. ह्या पाच वढ्याला गेल्या. आता तू मोज."

सरजाबाई तान्ह्याला सावरत खाली टेकल्या. खुरपं बाजूला ठेवलं. एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत त्या हळूहळू मोजू लागल्या. "...पाच, सहा, सात. सात! सात हायत की गं!"

या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी चिंचोके गोळा करून रुख्मिणीच्या ओंजळीत घातले. मग म्हणाल्या, "बाई, मला आसं कुणी बसून शिकवलंच न्हाई." उठता उठता त्यांनी रुख्मिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बस तू. धाकट्याला मी बाभळीला झोळी बांधून निजवते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा दिवस.

पुढे बाईंची जिंतूरकडे बदली झाली. जाताना त्यांनी मला रुख्मिणीच्या हातावर चढवलं आणि मग डोळे पुसत त्या बैलगाडीत बसल्या. नवे रंगनाथ गुरुजी मनानं चांगले होते, पण चार वर्ग एकटेच सांभाळत. खेळाला वेळ कुठला? मी कपाटात गेलो. कीड मला लागली नाही, पण उंदरांना मेथी चालते हे तिथं कळलं. अंधारात मला एकच दुःख होतं, बाहेर पाढे ऐकू यायचे आणि मला एकदाही चुकता यायचं नाही.

मग एका जून महिन्यात पहिलीची नवी मुलं रडून रडून शाळा डोक्यावर घेत होती. गुरुजी कपाळाला हात लावून बसले होते. चौथीतली रुख्मिणी पुढे झाली. "गुरुजी, कपाटाची किल्ली द्या. मी बघते."

तिनं मला झटकलं, हात घातला आणि बाईंसारखा घोगरा आवाज काढला. मी दोन आणि दोन पाच सांगितले. रडणं थांबलं. कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "च्यार असतेत!" गुरुजी दारात उभे राहून पाहत होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः लगदा करून माझं फाटलेलं डोकं सांधलं. कान मात्र त्यांना जमला नाही.

आज, १९७९ साली, रुख्मिणी परभणीला नववीत शिकते. मी अजून पहिलीच्या वर्गात खिळ्यावर टांगलेला असतो आणि रोज कुणाच्या तरी हातावर चढतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखं कुणी असेल, तुटक्या मण्यांची पाटी, फाटका नकाशा, रंग उडालेले ठोकळे. त्यांना कुलपात ठेवू नका. फाटलं तर चिकटवा, तुटलं तर बांधा. आणि वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं, तर त्याला हसू नका. हसायचं तर मला हसा. तुम्ही चिंचोके घ्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.