वैद्यबाईंची फिरती खुर्ची

होय, मीच बोलतेय. वैद्यबाईंच्या दवाखान्यात खिडकीशी ठेवलेली काळी फिरती खुर्ची. हसू नका. जन्मभर लोकांचं वजन पेललंय, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे मला.

मी जन्मले कारखान्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, चाळीस बहिणींबरोबर समोरच्या इमारतीतल्या विमा कंपनीत आले. ज्यांच्या वाट्याला गेले त्यांना ऑफिसात सगळे 'पाचमिनिटराव' म्हणायचे. घरून फोन आला की यांचं उत्तर ठरलेलं, "पाच मिनिटांत निघालोच!" आणि पुढे दोन-दोन तास जागचे हलायचे नाहीत. काम म्हणजे लोकांच्या आजारपणाचे कागद तपासायचे. कुणाचं पोट, कुणाचं हृदय, सगळं यांना तोंडपाठ. स्वतःचा डबा मात्र चार वाजता उघडायचे, तोही एका हाताने, कारण दुसरा माउसवर.

माणूस लाखात एक हो! रजेवर कुणीही जावो, काम यांच्या गळ्यात. नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षं मी त्यांना टेकू दिला. जीव जडला होता माझा, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या वर्षी मात्र भलतंच सुरू झालं. भर दुपारी ते काम करता करता थांबायचे आणि डाव्या हाताची बोटं माझ्या हातात रुतवायचे. पाठ घामाने चिंब व्हायची. दोन-तीन मिनिटांनी पकड सैल पडायची. शेजारच्याने विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, ॲसिडिटी." त्यांच्या नखांनी माझं रेक्झिन फाटलं, आतला स्पंज दिसू लागला. मी आतल्या आत तळमळायचे.

पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि आम्हा जुन्यांची रवानगी जिन्याखाली झाली. तिथून वैद्यबाईंनी मला आणलं. सत्तरीची बाई, बोलणं तिखट, हात मऊ. भिंतीला चूर्णांच्या बरण्या, मागच्या खोलीत उकळणाऱ्या काढ्याचा वास. येणारे बहुतेक त्याच ऑफिसातले. कुणाची मान धरलेली, कुणाची झोप उडालेली. आणि एकजात थापाडे! मोबाइलवरची नजर न काढता सांगतात, "जेवण अगदी वेळेवर असतं." बाई नाडी बघतात, जीभ बघतात, पण पुडी बांधून होईपर्यंत माणसावरची नजर काढत नाहीत. ही त्यांची जुनी खोड.

एका सोमवारी कुणीतरी माझ्यावर बसलं आणि मी शहारले. ती पाठ मी कुठेही ओळखली असती.

"ॲसिडिटी आहे हो बाई," पाचमिनिटराव म्हणाले. "एखादं चूर्ण द्या. मीटिंग आहे, निघतो."

"जेवता कधी?"

"वेळेवर."

"झोप?"

"झकास."

बाईंनी नाडी पाहिली, कपाळाला आठी घातली, तरी बरणी काढलीच. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात पाचमिनिटरावांनी सवयीने डावा हात टेकला. पाचही बोटं फाटक्या जागी बरोब्बर बसली. बाईंचा चमचा बरणीतच राहिला.

"ही खुर्ची तुमची होती का?"

"अरे! हीच की ती!" ते हसले.

"मग ही ओरबाडलीत तुम्हीच. कधी ओरबाडता? खरं सांगा, मी काही तुमची साहेब नाही."

त्यांचं हसू मावळलं. "छातीत आवळतं तेव्हा," ते हळूच म्हणाले. "घरी बोललो नाही. धाकटी अजून शाळेत आहे, बाई. उगाच घाबरतील सगळे."

बाईंनी बरणीला झाकण लावलं. "यावर माझ्याकडे पुडी नाही. उठा, इस्पितळात चला."

"अहो, पण मीटिंग..."

"मीटिंग गेली खड्ड्यात!"

पायात चपलाही न घालता बाईंनी त्यांना टॅक्सीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. दवाखाना तसाच सताड उघडा राहिला.

दीड महिन्याने ते बायकोला घेऊन आले. चेहरा उतरलेला, पण श्वास मोकळा. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या म्हणे. बाईंनी जेवणाच्या वेळा आणि सकाळचं चालणं ठरवून दिलं आणि दटावलं, "इस्पितळाची एकही गोळी चुकवायची नाही."

बायको माझ्याकडे बघत होती. "हीच का हो ती?"

"हीच."

"अकरा वर्षं या सवतीचा राग राग केला मी," ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपत माझ्या पाठीवरून हात फिरवला. "यांना कळा येत होत्या तेव्हा निदान ही तरी जवळ होती. मला मेलीला पत्ताच नाही."

पाचमिनिटराव खाली मान घालून उभे राहिले. मलाही भरून आलं.

आता माझी गादी दबलीय, चाकंही कुरकुरतात. आज ना उद्या भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. एवढंच मागणं आहे: कुठे दुखतंखुपतं ते घरी सांगत जा. मी सगळं पाहिलं, पण मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.